उंबऱ्यावरची साखळी

घराचं तोंड चुकीच्या दिशेला होतं. एवढा तरी दोष सापडला म्हणून एलिनेडला जरा बरं वाटलं.

"आपलं दार उगवतीला होतं," ती भावाला म्हणाली. "इथं बघ, उन्हं कधीची वर आलीत आणि उंबरा अजून ओलाच."

"संग्रहालयवाल्यांना वाट या अंगानं काढायची होती," इवान म्हणाला. "नाहीतर माणसं आत शिरणार कुठून?"

"आपल्याकडे माणसं शिरत नव्हती, इवान. दार वाजवून, टोपी काढून येत होती."

इवाननं त्यावर नुसती मान हलवली. घर संग्रहालयाला द्यायचं हे त्याचंच ठरवणं. त्याच्या शब्दावर एस्गेरवेन या घराचा दगड न् दगड आकडा घालून कार्डिगनशरच्या डोंगरावरून उतरवला गेला, ट्रकांतून दक्षिणेला आला आणि या अफाट हिरवळीवर, लोहाराची भट्टी आणि कातडी कमावण्याचा कारखाना यांच्या मधोमध, पुन्हा रचला गेला. डोंगरावर आता इवानचा बंगला तेवढा उरला होता, आणि मेंढ्या. एलिनेड गावात चॅपलच्या मागे दोन खोल्यांत राहायची. तिच्या खिडकीतून डोंगर दिसत नसे, आणि ते बरंच होतं.

ती आत गेली. आधी तिनं नळ शोधला. खिडकीखालचा नळ तिनंच बसवून घेतला होता, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली त्या वर्षी. नळ नव्हता, तिथं लाकडी बादली होती, आणि बादलीत पाणीसुद्धा नव्हतं. क्रीम रंगाची लोखंडी चूल, जिच्यावर आईसाठी मटणाचं पातळ सूप दिवसभर रटरटत असायचं, तीही गेली होती. आईचा पलंग शेवटी ज्या खोलीत खाली आणला होता, ती आता बैठकीची खोली होती. तिथं चॅपलचे कारभारी, म्हणजे डीकन, असलेल्या बाबांची खुर्ची आणि उघडं ठेवलेलं बायबल. आईला धरून उठता यावं म्हणून एलिनेडनं भिंतीत एक दांडी ठोकली होती. तिची भोकंसुद्धा चुना लावून बुजवली होती. एलिनेडनं बोटानं चाचपून पाहिलं. काम चोख होतं.

दाराशी पाटी होती. एस्गेरवेन, सन १९५१. डीकन डॅन्येल, पत्नी मार्गेड, कन्या नेस्टा, पुत्र इवान.

"बेडविर," तिनं हाक मारली. घराचं सगळं काम पाहणारा संग्रहालयाचा तो अधिकारी लगेच आला. पोरगा गोड बोलायचा, त्यामुळे त्याच्यावर रागावणं अवघड जायचं. "यात मी कुठं आहे?"

"तुमचा जन्म त्यानंतरचा ना," तो म्हणाला. "आम्हाला घराचं एकच साल धरावं लागतं. वीज यायच्या आधीचं, तुमचे वडील असतानाचं. तुम्हाला पत्रानं कळवलं होतं."

"कळवलं होतंत. पण साल धरायचं म्हणजे मला सोडायचं, हे नव्हतं कळवलं."

"तसा अर्थ नाही हो."

"या खोलीत माझी आई गेली, माझ्या हातावर. ते कुठल्या सालात बसतं?"

बेडविर काहीतरी सांगणार होता, एवढ्यात बाहेरून हसण्याचा आवाज आला. राखी कोट, त्याच रंगाची टोपी, आणि दोन्ही बाजूंना फोटो काढणारे. लंडनहून नेस्टा आली होती. म्हातारपण तिला शोभत होतं, हेही एलिनेडच्या लक्षात आलंच.

"ही आमची धाकटी," नेस्टा फोटोवाल्यांना सांगत होती. "पण ती या घरातली नाही. म्हणजे, या सालातली."

०

दुधाच्या खोलीत माइर तव्यावरचे गोड केक ताटांत मांडत होती. इवानशी लग्न झाल्यापासून बंगला बांधून होईपर्यंत ती याच घरात राहिली होती, सासू आणि नणंद यांच्या मध्ये. त्यामुळे सन एक्कावन्न हे साल तिला फार आवडलं होतं. त्यात एलिनेड नव्हती. माइर स्वतःही नव्हती, पण ते तिला चालत होतं.

"साल कुठलंही धरा, मला काय," एलिनेड दारात येऊन म्हणाली. "पण उंबऱ्यावरची खडूची साखळी नेस्टानं घालायची? तिनं?"

"त्यांनी फोनवर सांगितलं म्हणे, मला येते म्हणून."

"येते? दर शनिवारी त्या उंबऱ्यावर खडू कुणी चालवला? आईचे गुडघे गेल्यावर कुणी? एस्गेरवेनची साखळी माझ्या हातात आहे, माइर. आईनं तेवढं एक मला दिलं."

"मला तर तेही दिलं नाही," माइर म्हणाली. तिनं एक केक उचलून उगाच पुसला. "एकदा सासूबाई चॅपलला गेल्या होत्या, म्हणून म्हटलं आपण घालून ठेवू. मी नुसता खडू घेतला होता. तू धावत आलीस. आठवतंय?"

"तू उलट्या बाजूनं सुरू केलं होतंस."

"अगं, दगड होता तो. दगडाला कळलं नसतं."

एलिनेडनं ते ऐकलंच नाही. तिला कुणीतरी आपल्या बाजूला हवं होतं आणि घरातून माइर तेवढी एक हाताशी होती. "तू इवानला सांग," ती म्हणाली. "त्यानं म्हटलं तर बेडविर ऐकेल."

माइरनं क्षणभर विचार केला. इतकी वर्षं जिनं तिला उंबऱ्याला हात लावू दिला नव्हता ती आता तिच्यापुढं उभी होती, तोंड पडलेली. माइरला त्यात सुख वाटायला हवं होतं. ते थोडं वाटलंही. "मी नाही बाई मध्ये पडत," ती म्हणाली. "नेस्टाबाई संध्याकाळच्या गाडीनं जाणार. एक दिवस घालू दे की त्यांना." आणि एलिनेड पाठ फिरवून गेल्यावर तिला वाटलं, आपण हे नेस्टासाठी म्हटलं नाही. जिच्यामुळे खडू कधी आपल्या वाट्याला आला नाही, तिच्या हातून एकदा तरी तो जावा, म्हणून म्हटलं.

०

प्रार्थनेला सगळे अंगणात जमले. पाद्री ग्विलिम आता थकले होते. त्यांना खुर्ची दिली होती, ती त्यांनी घेतली नाही. सुरुवात त्यांनी साधीच केली. घराबद्दल बोलले, मेंढ्यांबद्दल बोलले, लंडनच्या गाडीला नेहमी होणाऱ्या उशिराबद्दलही बोलले आणि लोक हसले.

मग त्यांचा आवाज एक पायरी वर गेला. "या दगडांवर आकडे घातले," ते म्हणाले, "म्हणून ते आपापल्या जागी परत बसले." आणि आणखी एक पायरी. "पण या घरात मारलेल्या हाका? त्यांना आकडे कुणी घातले?" आधी शब्द चालत होते, मग त्यांची पावलं लांब पडू लागली, आणि कुठल्या क्षणी त्यांचं गाणं झालं ते कुणालाच कळलं नाही. बोलणाऱ्याला अशी हुइल, प्रवचनाची धुंदी, चढली की तो आपल्या गळ्याचा राहत नाही. डोळे मिटून, तीनच सुरांवर झोके घेत ते हाका मारत राहिले. आईची मुलाला हाक, नवऱ्याची रानातून हाक, आजाऱ्याची रात्रीची हाक. एकही वाया गेली नाही, ते गात होते, देवाच्या दारी एकही वाया जात नाही. टोपी हातात घेऊन उभी असलेली म्हातारी माणसं खालच्या आवाजात होकार भरत होती. जे फोटो काढायला आले होते तेही थांबले.

नेस्टा रडत होती. रडणं तिनं झाकलंही नाही. "अगदी बाबा," ती एलिनेडच्या कानाशी म्हणाली. "चुलीपाशी येरझाऱ्या घालत रविवारचं प्रवचन म्हणायचे ना, अगदी असं. भांडी वाजायची फळीवरची. तुला—" आणि ती थांबली. "तू पोटात होतीस तेव्हा. पोटातून ऐकलं असशील."

ती हे मायेनं म्हणाली होती. एलिनेडला ते चटका बसल्यासारखं लागलं. चॅपलमध्ये कुठलाही पाद्री वर चढू लागला की ती डोळे मिटून बसायची आणि या आवाजात बाबांचा, तिनं कधीच न ऐकलेला, आवाज असेल का, असं शोधत राहायची. आणि तो आवाज या बाईच्या कानात होता, पूर्ण, भांड्यांसकट. तो नेहमीच तिच्याजवळ होता. आता घरही तिचं. सालही तिचं.

लोक पांगून चहाकडे निघाले तशी नेस्टा तिला भिंतीच्या कडेला घेऊन गेली. हातातली खडूची डबी तिनं अजून उघडली नव्हती.

"एलिनेड बाख," तिनं लाडाचं नाव वापरलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "सुरुवात कुठून असते गं?"

"कसली?"

"तुला माहीत आहे कसली."

"तुला येते ना? फोनवर म्हणालीस."

नेस्टाला ते कसं सांगावं कळेना. दर शनिवारी विहिरीचं पाणी आणून उंबरा घासायचा, एवढंच तिचं काम. उंबऱ्याचा तो पाटीसारखा काळा दगड वाळला की आई तिला म्हणायची, आता हो बाजूला. मग आई गुडघ्यावर बसायची आणि नेस्टाला दिसायची नुसती तिची पाठ. घासणं लेकीचं, रेघ आईची. बेडविरनं फोनवर विचारलं तेव्हा तिला वाटलं होतं की हाताला आठवेल. रात्रभर हॉटेलातल्या टेबलावर तिनं बोट फिरवून पाहिलं होतं. हाताला फक्त घासणं आठवत होतं.

"मी लहान होते," ती म्हणाली. "सांग ना. एवढ्या लोकांत माझी शोभा होईल."

एलिनेड तिच्याकडे पाहत राहिली. मग तिनं सांगितलं, सावकाश, शाळेच्या मुलींना सांगायची तसं. बिजागरीच्या कोपऱ्यापासून सुरू करायचं. एका फासातून दुसरा फास, खडू उचलायचा नाही. मध्यावर आलं की थांबायचं. वीतभर जागा कोरी सोडायची. मग दुसऱ्या कोपऱ्यातून यायचं, तसंच.

"मध्ये जोडायचं नाही?"

"नाही," एलिनेड म्हणाली. "कोरं सोडायचं."

०

इवान मागे उभा होता. सभासमारंभ त्याला नकोसे वाटत. बहिणींमध्ये आपल्याला कुणी काही विचारत नाही याची त्याला लहानपणापासून सवय होती, आणि थोडा सलही होता. नेस्टा एक हात दाराच्या चौकटीवर ठेवून गुडघ्यावर बसली. तिचा राखी कोट ओल्या दगडावर टेकला. बायका कौतुकानं कुजबुजल्या.

फास बरे पडत होते. काही मोठे, काही आवळ, पण साखळी दिसत होती. मध्यावर तिचा हात थांबला. बराच वेळ. इवानला वाटलं, विसरली. मग तिनं खडू उचलला, वीतभर सरकली आणि दुसऱ्या टोकापासून सुरू केलं.

ती उठली तेव्हा टाळ्या झाल्या. इवाननं टाळीसाठी हात वर केले आणि ते तसेच राहिले.

ही साखळी त्यानं पाहिली होती. आईला नेलं त्या सकाळी एलिनेडनं हीच घातली होती, मधे वाट सोडून, शवपेटी त्यातून बाहेर नेली होती. माणूस घरातून कायमचा जायचा असेल तेव्हा एस्गेरवेनला साखळी तोडतात. एरवी नाही. एरवी तोडली तर आईनं जेवण टाकलं असतं.

त्यानं एलिनेडकडे पाहिलं. एलिनेड त्याच्याकडे पाहत नव्हती. तेव्हा त्याला सगळं कळलं.

"तू सांगितलंस तिला?" तो जवळ जाऊन हळू म्हणाला.

"आईच्या वेळी ती सरळ चॅपललाच आली. तिनं बघितलीच नव्हती." एलिनेडचे ओठ पांढरे झाले होते. "इथं कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"मग बोल की. तू कधी बोललास?"

"सुंदर," बेडविर मोठ्यानं म्हणत होता. त्यानं फोटो घेतले होते, वरून, बाजूनं, अगदी जवळून. "आता हीच साखळी आमच्या मुली दर शनिवारी या फोटोवरून काढत जातील. उन्हाळा असो, पाऊस असो. एस्गेरवेनचा उंबरा आता कधी कोरा राहणार नाही."

माइरच्या हातातलं ताट कलतं झालं. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग नणंदेकडे. सासूला नेलं त्या दिवशी माइरनंही अशीच साखळी ओलांडली होती.

एलिनेडला तो क्षण हवा होता, तिनंच मागितलेला होता, आणि आता तो इतका मोठा झाला होता की तिच्या हातात मावेना. दर शनिवारी कुणीतरी अनोळखी पोरगी येणार आणि या दारातून माणूस कायमचा गेल्याची खूण काढणार. जिवंत बाबांच्या सालात. चुलीपाशी त्यांच्या येरझाऱ्या चालू असतानाच्या सालात. नेस्टाचं घर तिनं बाटवायला घेतलं होतं आणि बाटलं होतं ते आईबाबांचं.

"थांबा," ती म्हणाली. "ही चुकीची आहे."

बेडविरनं कॅमेरा खाली घेतला.

"ही मयताची आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "हिची काही चूक नाही. मी तिला अशी सांगितली. मुद्दाम सांगितली."

लोकांत कुणी खोकलं. पाद्री ग्विलिमनी डोळे मिटले. नेस्टा कोटावरचा खडू झटकत होती, आणि झटकता झटकता म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मयताची आहे ते. मधोमध आले तेव्हा कळलं." तिचा आवाज साधाच होता. "बाबांना नेलं त्या दिवशी आईनं हीच घातली होती. दुसऱ्या दिवशी मला लंडनच्या काकांच्या दुधाच्या दुकानात पाठवायचं होतं, तर तिनं ती पुसली नाही. माझी कपड्यांची पेटीही त्यातूनच नेली. मी जाईपर्यंत तिनं साखळी जोडली नाही."

इवान तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला ते आठवत नव्हतं. आपल्याला आठवत नाही याचीच त्याला लाज वाटली.

"तू यायची होतीस म्हणून मला पाठवलं," नेस्टा एलिनेडला म्हणाली. "दोन पोरं सांभाळणं आईला एकटीनं झालं असतं, तीन झाली नसती. त्या दुकानात मी रोज पहाटे बाटल्या विसळायची आणि विचार करायची, आता ती रांगत असेल, आता आई तिची वेणी घालत असेल. मी तुला पाहिलंही नव्हतं आणि तुझा द्वेष करत होते. चांगला, मन लावून."

"मग थांबली का नाहीस? कळलं होतं तर?"

नेस्टानं खडूकडे पाहिलं. "या घरात माझ्या हातात कुणी खडू दिला नव्हता. तू दिलास. चुकीचा दिलास, पण दिलास. म्हटलं, पुरा तरी करू."



"बघा," बेडविर चाचरत म्हणाला, "आमच्या दृष्टीनं दोन्ही महत्त्वाच्या आहेत. पण मग ठेवायची कुठली?"

"सरका," माइर म्हणाली. ती बादली घेऊन आली होती; त्या लाकडी बादलीत तिनं चहाच्या खोलीतून पाणी भरून आणलं होतं. तिनं फडका पिळला, गुडघे टेकले आणि कुणाला काही न विचारता अख्खा उंबरा पुसून काढला, कोपऱ्यांसकट. "एवढी वर्षं या दगडाला हात लावायची मला बंदी होती," ती पुसता पुसता म्हणाली. "आज दोघी भांडताय तर माझं काम झालं. कुणी रागावायचं असेल तर आत्ताच रागावून घ्या."

एलिनेडला राग आला. खरंच आला, जुना, ओळखीचा. पण माइर पुसत चांगली होती, कडेपासून आत. तिनं मनात तेवढं कबूल केलं.

दगड वाळेपर्यंत कुणाला आत जाता येईना. पाहुणे दारासमोर रांग धरून उभे होते, आणि बेडविर त्यांना लोहाराच्या भट्टीबद्दल काहीबाही सांगत होता. वाऱ्यावर उंबऱ्याचा दगड कडांनी राखी होत गेला. नेस्टानं डबी पुढं केली. एलिनेडनं ती घेतली.

ती बिजागरीच्या कोपऱ्याशी बसली आणि तिचा हात निघाला. एक फास, दुसरा, तिसरा, सगळे एका मापाचे, जणू दगडातच होते आणि ती नुसती धूळ झटकत होती. आईचाच हात. नेस्टाला ते बघवेना. इतक्या लोकांसमोर एलिनेडनं चूक कबूल केली होती, तरी तिचा तो जुना द्वेष पुन्हा वर आला, बाटल्या विसळतानाचा. ती बहिणीच्या पाठीशी वाकली.

"मला शिकव."

एलिनेडचा हात थबकला. तिच्याजवळ एवढं एकच होतं. नेस्टाजवळ बाबांचा आवाज होता, पाटीवर नाव होतं, आणि आता हेही हवं होतं.

"तुझी गाडी कधीची?" तिनं मान वर न करता विचारलं.

"संध्याकाळची."

एलिनेड हो म्हणाली नाही. तिनं पुढचा फास घातला. पण तो तिनं सावकाश घातला, मघापेक्षा कितीतरी सावकाश, आणि घालताना आपला खांदा थोडा बाजूला केला.